अकराव्या जागेवरचा शिपाई

न्हाव्याने दोघांचे केस बारीक केले आणि तिसरा माणूस खुर्चीवर बसायलाच तयार होईना. पुढच्या आठवड्यात त्याच्या भाच्याचं लग्न होतं, आणि असलं डोकं घेऊन तो वरातीत जाणार नव्हता. मी त्याला जाऊ दिलं आणि दुसरा माणूस आणायला सांगितलं. जेलरसाहेब बाजूला उभे राहून हसत होते.

"मॅडम, एवढं कोणी करत नाही," ते म्हणाले. "बारा माणसं उभी करायची, म्हातारीला रांगेपुढून फिरवायचं, सह्या घ्यायच्या. जेवायच्या आत मोकळं."

आमच्या तहसीलदारांनीही निघताना मला जवळपास हेच सांगितलं होतं.

फेब्रुवारी २००८ ची ही गोष्ट. मी तेव्हा पिंपळडोह तालुक्याची नायब तहसीलदार होते. नोकरीला आठ महिने झालेले. माझं गाव साताऱ्याकडचं. वऱ्हाडात ओळखीचं कोणी नाही आणि बोली अर्धीच कळायची. ओळख परेड घेण्याचं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांत मिसळून रांगेत उभं करायचं, साक्षीदाराने त्याच्या अंगाला हात लावून ओळखायचं, आणि घडलं ते लिहून काढायचं. एका आरोपीमागे सहा माणसं लागतात. त्या दिवशी आरोपी दोन होते, म्हणून बारा.

अडचण अशी होती की दोघेही पोलीस होते. बारीक केस, ताठ मान, बुटांमुळे घोट्याखाली गोरी राहिलेली पावलं. बाजारातून गोळा केलेल्या बारा जणांत ते लांबूनही वेगळे दिसले असते, आणि पुढे कोर्टात वकिलाने परेडच्या चिंध्या केल्या असत्या. म्हणून मी न्हावी बोलावला होता. म्हणूनच सगळ्यांना अनवाणी करून त्यांच्यासमोर गुडघ्याएवढ्या उंचीवर दोरी बांधली होती आणि तिच्यावर सतरंजी टाकली होती.

प्रकरण असं होतं. पिंपळडोहजवळच्या एका गावात सुखदेव खंडारे नावाचा माणूस शेतीपंपांच्या मोटारी बांधून द्यायचा. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरायची, हा त्याचा धंदा. डिसेंबरात शेतांतून तांब्याची तार चोरीला जाऊ लागली. तांब्याची तार म्हटल्यावर पोलिसांना सुखदेव आठवला. सहायक निरीक्षक बोरगे यांनी त्याला सकाळी चौकशीला नेलं आणि संध्याकाळी तो मेला. पळताना पायऱ्यांवरून पडला, असं ठाण्याच्या कागदांत लिहिलं होतं. शवविच्छेदनात मात्र पाठीवर आणि तळपायांवर पट्ट्याचे वळ निघाले. कोठडीतला मृत्यू म्हणून तपास सीआयडीकडे गेला.

सीआयडीचे उपअधीक्षक टेंभेकर हे पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्या दिवशी ठाण्यात कोण कोण होतं याचा त्यांनी हिशोब लावला. बहुतेक पोलीस यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेले. बोरग्यांशिवाय दोघेच उरत होते. हवालदार इंगोले आणि शिपाई पंजाब ताथोड. इंगोले म्हणत होता, मी समन्स बजावायला गेलो होतो. ताथोड काहीच म्हणत नव्हता. अटकेपासून त्याने तोंडच उघडलं नव्हतं. दोघे जेलमध्ये होते, बोरगेही होते. पण सुखदेवला मारलं त्या मागच्या खोलीत नेमकं कोण होतं हे सांगणारा एकही साक्षीदार नव्हता, सुखदेवची आई सोडून. कौतिकाबाई त्या दिवशी ठाण्याच्या मागच्या बाजूला हातपंपाजवळ दिवसभर बसून होती, आणि तिथून त्या खोलीचं दार दिसत होतं. तिने ओळखलं तर तिघांवर सदोष मनुष्यवधाचं आरोपपत्र जाणार होतं. नाही ओळखलं, तर हे दोघे सुटणार होते, आणि त्यांच्यामागून बोरगेही.

टेंभेकर जेलच्या फाटकाबाहेर जीपमध्ये बसले होते. परेडच्या वेळी पोलिसाने आत यायचं नाही असा नियम आहे, आणि त्यांनी तो पाळला होता.

साडेअकराला रांग तयार झाली. आरोपींनी आपली जागा आपण निवडायची असते. इंगोले पाचव्या जागेवर जाऊन उभा राहिला. ताथोडला विचारलं, तर त्याने नुसतं शेवटाकडच्या एका जागेकडे बोट केलं. तो अकरावा झाला. चौतीस-पस्तिशीचा, उंच, सावळा माणूस. दाढी वाढलेली होती म्हणून मी रांगेत आणखी तीन दाढीवाले घेतले होते. दोन पंच होते, एक कापड दुकानदार आणि एक निवृत्त पोस्टमन. जेलरसाहेब दारात थांबले.

मग कौतिकाबाईला आणलं.

मी मनात वाकलेली, थरथरती म्हातारी धरून ठेवली होती. आली ती सरळ पाठीची, काटक बाई. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, पायांत टायरच्या चपला. तिने रांगेकडे पाहिलंही नाही. आधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमी कोनत्या खात्याच्या?" महसूल खात्याची, असं मी सांगितलं. "म्हंजे पोलिसातल्या नाई?" नाही म्हटल्यावर तिने मान हलवली.

काय करायचं ते मी तिला समजावून सांगितलं. त्या दिवशी पाहिलेलं कोणी यांत असेल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. घाई नाही. कोणी नसेल तर नाही म्हणायचं.

ती रांगेच्या सुरुवातीपासून निघाली. एकेका तोंडासमोर थांबत होती. पाचव्यापाशी आली आणि क्षणभरही न घालवता तिने इंगोलेच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो. ह्याच्या हातात चक्कीचा पट्टा व्हता." इंगोलेने मान दुसरीकडे फिरवली. मी घड्याळ पाहून वेळ लिहिली.

ती पुढे गेली. सहा, सात, आठ. अकराव्यापाशी थांबली.

तिथे ती फार वेळ थांबली. ताथोड समोर बघत होता. तिने त्याचा चेहरा नीट पाहिला, दाढीआडचासुद्धा. तिने ओळखलं आहे, हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं. मी पेन टेकवून तयार होते.

ती पुढे गेली. बाराव्यापुढून, तेराव्यापुढून, चौदाव्यापुढून. मग माझ्याकडे वळली.

"आनखी कोनी नाई."

नियम असा की मी तिला काही सुचवायचं नाही. मी एवढंच विचारलं की परत एकदा पाहायचं आहे का. ती म्हणाली, पायलं. मी कागदावर लिहायला घेतलं, साक्षीदाराने दोनपैकी एका आरोपीस ओळखले. लिहिताना वाटलं, टेंभेकरांचं निम्मं प्रकरण इथेच गेलं.

"मॅडम, मला बोलायचं आहे."

अकराव्या जागेवरून आवाज आला. परेडमध्ये आरोपीने बोलायचं नसतं, असं मी म्हणाले. माझा आवाज मलाच चोरटा वाटला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो म्हातारीशी बोलत होता.

"मावशी, तुमी मले ओळखलं."

कौतिकाबाई दाराकडे निघाली.

"हातपंपावर लोटा भराले मी आलतो. तुमी मले इचारलं, बाबू, काय झालं? मी म्हटलं, काई नाई झालं."

तेव्हा ती थांबली आणि बोलली, पण त्याच्याशी नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ह्यानं माह्या लेकाले पानी पाजलं. म्या दारातून पायलं. डोकं मांडीवर घेऊन पाजलं. ह्यो मारनाऱ्यातला नाई. ह्याचं नाव नोका लिहू."

जेलरसाहेब दारातून दोन पावलं पुढे आले. ते ताथोडला गप्प बसायला सांगणार होते. मी हात वर केला. का केला ते मला आजही सांगता येणार नाही.

ताथोड म्हणाला, "तुमाले अर्धंच दार दिसत व्हतं, मावशी. पानी नंतर पाजलं. त्याच्या आधी त्याचे हात मीच धरले व्हते."

पोस्टमननी तोंडावर हात ठेवला.

"साहेब म्हनले धर, म्या धरले. इंगोले मारत व्हते. साहेब इचारत व्हते. अर्धा घंटा म्या हात सोडले नाई. सोडले तवा तो उभा राहू शकला नाई."

म्हातारी त्याच्याकडे परत चालत गेली. मला वाटलं, ही आता याच्या थोबाडीत मारील, आणि मारलं तर ते मी लिहायचं का, हा मूर्ख विचारही माझ्या डोक्यात येऊन गेला. ती त्याच्यासमोर उभी राहिली. सतरंजी दोघांच्या मधे होती.

"दोन्ही हात?" तिने विचारलं.

"दोन्ही."

"तो काई म्हने?"

"तार म्या घेतली नाई, म्हने. तेवढंच म्हने. शेवटलोक तेच."

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातल्या कागदावर तिने आपलं बोट टेकवलं. ते बोट जाड होतं, नखाजवळ भेग पडलेली.

"लिवा बाई. ह्यानं हात धरले ते लिवा. अन् पानी पाजलं, तेबी लिवा. दोन्ही लिवा."

मी कायद्याची पदवी घेतलेली होती. न्याय या विषयावर निबंध लिहून स्पर्धा परीक्षेत चांगले गुणही मिळवले होते. आणि ज्या बाईचा मुलगा मेला, ती मला सांगत होती की ज्याने हात धरले त्याने पाणी दिलं हे विसरू नका. ज्याला ती सोडून देत होती, तो तिच्या हातून सुटायला तयार नव्हता. दोघांपैकी कोणाकडे पाहावं ते मला कळेना.

छापील नमुन्यात असल्या गोष्टीला जागा नव्हती. जेलरसाहेबांनी तसं बोलूनही दाखवलं. आरोपीने परेडमध्ये बोललेलं लिहायचा तुम्हाला अधिकार नाही, उद्या कोर्ट तुम्हालाच उभं करील, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. कबुलीजबाब न्यायदंडाधिकारीच नोंदवू शकतात, हे मलाही ठाऊक होतं. पण हा कबुलीजबाब म्हणून मी लिहीत नव्हते. माझ्यासमोर जे घडलं ते लिहीत होते. शेवटी शेऱ्यासाठी चार ओळींची जागा असते, तिथे सुरुवात केली आणि दोन कोरे कागद जोडले. हात आधी, पाणी नंतर, या क्रमाने. म्हातारीचे शब्द तिच्याच बोलीत ठेवले. कापड दुकानदार सही करायला का-कू करत होता, पोलिसांशी वाकडं कशाला म्हणत होता. पोस्टमननी आधी सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. मग त्यानेही केली. कौतिकाबाईने अंगठा उमटवला.

टेंभेकर दुसऱ्या दिवशी माझ्या कार्यालयात आले. दोन कागद त्यांनी तीनदा वाचले असावेत. खुर्चीत बसल्यावर बराच वेळ त्यांनी टोपी मांडीवर फिरवली.

ते रागावले असतील असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. ते पेचात होते, आणि तो पेच त्यांनी मला समजावून सांगितला. ताथोडला आरोपी केला, तर न्याय झाला. त्याने हात धरले होते, तो आरोपीच होता. पण मग त्याचं बोलणं बोरग्यांविरुद्ध लंगडं पडत होतं. एका आरोपीच्या तोंडावर दुसऱ्याला शिक्षा होत नाही. त्याला नुसता साक्षीदार केला, तर खोलीच्या आतला एकमेव प्रत्यक्षदर्शी मिळत होता, पण ज्याने अर्धा तास हात धरले तो सरळ घरी जात होता. वरच्या कार्यालयातून त्यांना तिसराच सल्ला मिळाला होता. पायऱ्यांवरून पडला असं मानून बोरग्यांवर निष्काळजीपणाचं कलम लावा, बाकी दोघांना खात्याअंतर्गत चौकशीवर सोडा.

"तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"माफीचा साक्षीदार. कोर्टाकडून माफी मागायची. अट एकच, सगळं खरं सांगायचं, स्वतःचा भागही." ते थांबले. "पण तो आधी जामीन घ्यायला तयार नाही."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. माफीच्या साक्षीदाराला खटला संपेपर्यंत कोठडीतच ठेवतात, असा कायदा आहे. तो आधीच जामिनावर असला तरच त्यातून सुटतो. टेंभेकरांनी हे ताथोडला समजावलं होतं. वकील देतो, आधी जामीन घे, मग माफीचा अर्ज करू, म्हणजे खटला चालेपर्यंत घरी राहशील. ताथोडने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला.

"का?"

टेंभेकरांनी टोपी टेबलावर ठेवली. "तो म्हणाला, साहेब, घरी दोन पोरी आहेत. पोलीस लाइनीत घर आहे. बोरगेसाहेबांची माणसं रोज येऊन बसतील. बायको रडेल. मी महिनाभरही टिकणार नाही, फिरेन. मला आतच राहू द्या."

बाहेर सातबारा घ्यायला आलेल्या लोकांची गडबड चालली होती.

"तीस वर्षं नोकरी झाली माझी," टेंभेकर म्हणाले. "स्वतःवर भरवसा नाही म्हणून जेलमध्ये बसणारा माणूस मी पहिला पाहिला."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ताथोडने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सगळं सांगितलं. त्याला माफी मिळाली. पोलिसांवर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते. ती फाईल सात महिने फिरली, आणि टेंभेकर तिच्यामागे फिरले. बोरगे आणि इंगोले यांना जामीन झाला. ते घरी गेले. ज्याला माफी मिळाली होती तो आत राहिला. पोलीस लाइनीतलं घर गेलं, त्याची बायको मुलींना घेऊन माहेरी निघून गेली आणि तिने त्याला भेटणं सोडलं. माझी बदली आधी लातूरकडे, मग नगरला झाली. संध्याकाळी कधीतरी मी मोजायची, आज किती महिने झाले असतील. साडेतीन वर्षं झाली तेव्हा मला साक्षीचं समन्स आलं.

सत्र न्यायालयात माझी साक्ष सकाळी झाली. बोरग्यांच्या वकिलाने मला तासभर धरलं. नमुन्यात नसलेलं मी का लिहिलं, कोणी लिहायला सांगितलं, सीआयडीचा दबाव होता का. मी म्हणाले, कौतिकाबाईंनी सांगितलं म्हणून लिहिलं. "म्हणजे साक्षीदाराच्या सांगण्यावरून?" तो म्हणाला. हो, म्हटलं. कोर्टात हलकं हसू झालं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते उत्तर जसंच्या तसं नोंदवून घेतलं.

जेवणाच्या सुटीत व्हरांड्यात कौतिकाबाई भेटली. केस जास्त पांढरे झाले होते, पाठ तशीच सरळ होती. बाकावर फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा उघडून बसली होती. शेजारी शाळेच्या गणवेशातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती, दोन वेण्यांची. म्हातारी तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवत होती आणि मुलगी तो नुसता धरून बसली होती.

मी विचारलं, "नात का?"

"नाई," कौतिकाबाई म्हणाली. "ताथोडाची मोठी पोरगी हाये."

मी बाकाच्या कडेवर बसले. मुलगी उठून नळाकडे गेली तेव्हा म्हातारीने मला सांगितलं. आज ताथोडची साक्ष आहे हे सरकारी वकिलांकडून तिला कळलं होतं. ती ताथोडच्या सासुरवाडीला गेली. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा त्याच्या सासूने शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा ती दारातच बसून राहिली, तेव्हा ही पोरगी स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, मी येते.

"कशाला आणलं तिला?" मला राहवलं नाही. "बाप काय सांगणार आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठावं हाये. म्हनूनच आनलं. शाळेत लोकं तिले काई काई सांगतात. कोनी म्हनते बाप खुनी हाये, कोनी म्हनते साहेबाले फसवलं, फितूर हाये. तिनं बापाच्या तोंडून आयकावं, एकदाचं."

अडीच वाजता ताथोडला आणलं. मी त्याला ओळखलं नसतं. निम्मा झाला होता. पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली, आणि मग त्याला ती दिसली. शेवटच्या बाकावर कौतिकाबाई, तिच्याजवळ गणवेशातली मुलगी. त्याने कठडा धरला. सरकारी वकिलांनी पहिला प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिलं नाही. त्यांनी तो परत विचारला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. बोरगे पुढच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसले होते, ते मागे रेलले. मला वाटलं, गेलं. साडेतीन वर्षं ज्याला तो भीत होता ते आज इथे होणार.

मुलगी उभी राहिली. नुसती उभी राहिली, शाळेत नाव पुकारल्यावर राहतात तशी. कोर्टाच्या शिपायाने तिला बसायची खूण केली. ती बसली.

ताथोड बोलू लागला. पाऊण तास तो बोलला. स्वतःचं काही झाकलं नाही. "हात मी धरले होते," हे त्याने त्या मुलीसमोर चार वेळा सांगितलं, कारण चार वेळा विचारलं गेलं. बोरग्यांचा वकील उठला. म्हणाला, तुम्ही स्वतःची शिक्षा वाचवायला साहेबांना गुंतवता.

ताथोड म्हणाला, "शिक्षा वाचवायची असती तर मी परेडमध्ये गप्प बसलो असतो. कौतिकाबाईंनी मला सोडलंच होतं."

वकिलाने पुढचा प्रश्न कागदात शोधला.

निकाल चार महिन्यांनी लागला. बोरग्यांना दहा वर्षं, इंगोलेला सात. निकालाच्या दिवशी टेंभेकरांचा फोन आला. ते तेव्हा निवृत्त झाले होते, तरी कोर्टात जाऊन बसले होते. ताथोड दुसऱ्या दिवशी सुटला. नोकरी राहिली नव्हती. सुखदेवने तार घेतली नव्हती, हे निकालपत्रात आलं, एका वाक्यात. ते वाक्य कौतिकाबाईने सरकारी वकिलांकडून दोनदा वाचून घेतलं, असं टेंभेकर म्हणाले.

पण साक्षीच्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं. कोर्ट उठल्यावर पोलिसांनी ताथोडला व्हरांड्यात पाच मिनिटं थांबू दिलं. मुलगी त्याच्याजवळ गेली. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. कौतिकाबाई लांब जिन्यापाशी उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून. मी तिच्याजवळ गेले. दिवसभर जे मनात घोळत होतं ते मी विचारून टाकलं.

"तुम्ही त्याला माफ केलंत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधी गोष्टही कळत नाही.

"म्या काहून माफ करू, बाई? माफी कोर्टानं देल्ली. माफ कराचं का नाई, ते सुखदेवच्या हाती व्हतं. तो त गेला." मग तिने पदर खोचला आणि मुलीला हाक मारली. "चाल वं. गाडी निंगून जाईल. तुह्या मायले म्या सांजच्या आत सोडतो म्हनून सांगतलं हाये."

मुलगी आली. दोघी जिना उतरून गेल्या. मी वरून बघत राहिले. फाटकापाशी म्हातारी थांबली, आणि रस्ता ओलांडायला तिने त्या मुलीचा हात धरला.